पाडायला कोटी, टेकूला कवडी

मुंबईतल्या जुन्या वास्तूंच्या पैशाचा सगळा प्रश्न शीव कोळीवाड्याच्या आसपास अर्ध्या तासाच्या पायपिटीत पाहून होतो. टेकडीवर शीवचा किल्ला. जेराल्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर होता त्या काळात, म्हणजे १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, इंग्रजांची मुंबई आणि पोर्तुगीजांची साष्टी यांच्या वेशीवर तो उभा राहिला. आज तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि खात्याच्या मुंबई मंडळाचं कार्यालयही त्याच टेकडीच्या पायथ्याशी आहे. खाली कोळीवाडा. इथली वस्ती इंग्रजांच्या आणि पोर्तुगीजांच्याही आधीची. त्याला लागून गुरू तेगबहादूर नगर. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी सरकारने १९५० च्या दशकात इथे पंचवीस इमारती बांधल्या.

या तिघांकडे पैसा तीन वाटांनी येतो. किल्ल्याला केंद्राच्या अंदाजपत्रकातून, रांगेत उभं राहून, जेवढा पदरात पडेल तेवढा. निर्वासितांच्या वसाहतीला तो मिळाला, पण इमारती धोकादायक ठरून जमीनदोस्त झाल्यावर. सुमारे बाराशे कुटुंबं घराबाहेर पडली, वर्षं गेली, आणि २०२४ साली राज्य सरकारने म्हाडामार्फत पुनर्विकास करायचं ठरवलं. आणि कोळीवाड्याला? घर दुरुस्त करायला कुठूनच काही नाही. पाडायचं असेल तर मात्र विकासक दारात उभा.

मुंबईत जुनी वास्तू जपायला पैसा नाही, असं जो तो म्हणतो. मला ते पटत नाही. पैसा भरपूर आहे, पण तो नोटांच्या रूपात नाही, चटईक्षेत्राच्या, म्हणजे जागेवर किती बांधता येईल त्या हक्काच्या रूपात आहे. आणि चटईक्षेत्र पदरात पाडून घ्यायचं तर आधी उभी वास्तू पाडावी लागते. ज्या व्यवस्थेत दुरुस्तीचं बक्षीस शून्य आणि पाडण्याचं बक्षीस अमाप, तिथे माणसं काय निवडतील हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

हे असं का झालं, त्याची सुरुवात भाड्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धाच्या आणि फाळणीच्या दिवसांत तो निर्णय रास्तच होता. नाहीतर गिरगाव-लालबागची निम्मी माणसं रस्त्यावर आली असती. पण तात्पुरती म्हणून आलेली ही तरतूद अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. मूळ भाडंच जिथे काही रुपये, तिथे चार टक्क्यांत जिन्याची एक पायरीही बदलत नाही. मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. भाडेकरू म्हणाला, इमारत माझी नाही, मी का खर्च करू? दोघांच्या मधे सागाच्या तुळया कुजत राहिल्या. पागडी देऊन खोली घेतलेल्या माणसाची गत तर आणखी विचित्र. त्याने आयुष्याची कमाई त्या खोलीत ओतलेली असते, पण बँकेत तारण म्हणून दाखवायला त्याच्या हातात भाडेपावतीपलीकडे काही नसतं.

दर पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने बेडेकर समिती नेमली. त्यातून १९६९ चा कायदा आला, दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर आला. शहरातल्या १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांतल्या १६,५०२ ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेल्या. कल्पना देखणी होती. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं, सरकारने आणि महापालिकेने भर घालायची, आणि ज्या इमारतीला गरज असेल तिथे मंडळाने काम करायचं. सर्वसामान्यांच्या राहत्या घरांच्या डागडुजीसाठी सार्वजनिक निधी उभा करण्याचा इतका मोठा प्रयोग देशात क्वचितच झाला असेल. मुंबईच्या वारशाबद्दल बोलणारी मंडळी या मंडळाचं नाव क्वचितच घेतात, कारण त्यांच्या लेखी वारसा म्हणजे कमानी आणि घुमट. प्रत्यक्षात गिरगाव, परळ, लालबाग इथल्या शेकडो चाळी आज उभ्या आहेत त्या या मंडळाच्या टेकूंवर.

पण कायद्यातच एक मेख आहे. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा आहे. खर्च त्यापुढे गेला, तर वरची रक्कम रहिवाशांनी भरायची. नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. मर्यादा अधूनमधून वाढवली गेली, पण मजुरी आणि लाकूड तिच्या पुढेच धावत राहिलं. मर्यादेत बसवायचं म्हणून सागाच्या जागी लोखंडी तुळई येते, कोरीव कठड्याच्या जागी विटांची भिंत, चुन्यावर सिमेंटचा गिलावा. इमारत वाचते, पण ती ज्या रूपासाठी वाचवायची ते निघून जातं. आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की आतली ओल आतच कोंडते. पाच-सहा पावसाळ्यांत पुन्हा तीच पोपडे धरलेली भिंत, पुन्हा तोच अर्ज.

१९८६ साली कायद्यात आणखी एक प्रकरण जोडलं गेलं. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने उपकरप्राप्त इमारत ताब्यात घेऊन त्यांच्या सहकारी संस्थेला द्यायची, आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यायची. मालक न्यायालयात गेले. त्या वादातून निघालेला घटनात्मक प्रश्न तीन दशकं फिरत राहिला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संसाधनं या व्याख्येत बसत नाही. देशभर त्याची चर्चा समाजवाद विरुद्ध बाजारपेठ अशी झाली. मुळात वाद होता तो मुंबईतल्या गळक्या चाळी कोणी दुरुस्त करायच्या याचा, आणि तो प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

दुरुस्ती परवडेना तेव्हा सरकारने दुसरा मार्ग धरला. विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(७) हे लालबाग-परळमधल्या कुठल्याही चाळकऱ्याला तोंडपाठ असतं. जुनी उपकरप्राप्त इमारत पाडा, रहिवाशांना नवं घर फुकट द्या, त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र घ्या आणि बाजारात विका. पुढे २००९ मध्ये ३३(९) खाली समूह पुनर्विकासाला आणखी सढळ चटईक्षेत्र मिळालं. सरकारच्या तिजोरीतून एक रुपया न जाता चाळकऱ्याला घर मिळतं, म्हणून सगळ्या पक्षांना हे धोरण प्रिय. मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. बीडीडी चाळीतली एकशे साठ चौरस फुटांची खोली, बाहेर सामाईक संडास, पावसात गळणारी गॅलरी. तिथे तीन पिढ्या काढलेल्या बाईला पाचशे चौरस फुटांचं घर मिळत असेल, तर तिला चाळसंस्कृतीचं कौतुक ऐकवण्याचा अधिकार मला नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या या २०७ चाळींपैकी वरळीतल्या रहिवाशांच्या हाती ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या चाव्या पडल्या, तेव्हाचा त्यांचा आनंद खराच होता.

आक्षेप आहे तो वेगळा. या धोरणाने दुरुस्ती हा पर्यायच संपवून टाकला. वीस-पंचवीस वर्षं सहज टिकेल अशी इमारतही आज कोणी दुरुस्त करत नाही, कारण चांगली दुरुस्त झालेली इमारत धोकादायक ठरत नाही, आणि धोकादायक ठरली नाही तर पुनर्विकास लांबतो. मालकाचं हित इमारत खचण्यात, पुष्कळदा रहिवाशांचंही. गळतीकडे मुद्दाम डोळेझाक केलेली इमारत मुंबईत दाखवावी लागत नाही.

वारशाचे नियम यातून काही वाचवतील अशी आशा १९९५ मध्ये होती. त्या वर्षी मुंबईने शहरी वारसा जतनाची नियमावली आणली, देशातली पहिली. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर श्रेणी एक, दोन, तीन अशा यादीत आले. पैशाच्या दृष्टीने त्यातली खरी तरतूद होती हस्तांतरणीय विकास हक्कांची. वारशाच्या बंधनामुळे मालकाला जे बांधता येत नाही, ते क्षेत्र त्याने दुसरीकडे विकावं आणि त्या पैशातून वास्तू सांभाळावी. कागदावर हे चोख आहे. पण भाडेकरूंनी भरलेल्या चाळीत तो हक्क कोणाचा? मालकाचा. वास्तू सांभाळायची कोणी? आत राहणाऱ्याने. हक्क एकाच्या नावावर आणि गळती दुसऱ्याच्या डोक्यावर, अशा ठिकाणी ही तरतूद लंगडी पडली. म्हणूनच २०१२ मध्ये महापालिकेने नव्या यादीत नऊशेहून अधिक नोंदी सुचवल्या आणि त्यात शिवाजी पार्क, दादरच्या जुन्या वसाहती आल्या, तेव्हा दादरकर खवळले. माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकर यांच्या समितीला हरकती ऐकाव्या लागल्या. त्या मंडळींना वारशाचं वावडं होतं असं कोणी समजू नये. सरकार बंधन घालतंय, पण दुरुस्तीला दमडी देत नाही, हा त्यांचा सवाल होता आणि त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

मग मुंबईत जे नावाजलेले जीर्णोद्धार झाले ते कसे झाले? भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ मध्ये खुली झालेली ही वास्तू महापालिकेची. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षी करार झाला. २००५ मध्ये जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. जमीन-इमारत सरकारची, पैसा खासगी न्यासाचा, जाणकारी तिसऱ्याची. हा नमुना उत्तम, आणि त्यानंतर त्याची नक्कल झालीच नाही म्हटलं तरी चालेल अशा थोड्याच जागी झाली. राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला टाटा कन्सल्टन्सीने पैसा दिला. गिरगावच्या टोकाचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ पासून बंद होतं. मालक असलेल्या गोंडलच्या राजघराण्याने खर्च करून ते २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं. भायखळा स्थानकालाही स्वयंसेवी संस्था आणि उद्योगसमूह यांच्या मदतीने जुनं रूप परत मिळालं. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचं बंधन घातलं आणि त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धार स्पष्टपणे आला.

या सगळ्यांत एक साम्य आहे. मालक एकच, कागद स्वच्छ, आत कोणी राहत नाही आणि दर्शनी भाग छायाचित्रात छान दिसतो. कंपनीच्या अहवालात मनोऱ्याचा फोटो शोभतो. एखाद्या चाळीच्या संडासाची नवी मलवाहिनी कोण छापणार? शिवाय चाळीत पैसा द्यायचा तर तो कोणाला द्यायचा, हाही खरा प्रश्न आहे. मालकाला दिला तर भाडेकरू ओरडणार, भाडेकरूंना दिला तर मालक न्यायालयात. कंपनीच्या हिशेबनिसाला अशा भानगडीत पडायचं नसतं, आणि त्यात त्याची चूक काही नाही.

गिरगावातली खोताची वाडी या दोन टोकांच्या मधे अडकली आहे. तिथे घरं बहुतेक मालकांची, लाकडी जिन्यांची, कौलारू. एकेकाळी पासष्टच्या आसपास होती, आता निम्मीही नाहीत. परिसर वारसा यादीत आहे, पण तिसऱ्या श्रेणीत; तिचं बंधन लवचिक आणि मदत शून्य. घर सांभाळणारे स्वतःच्या खिशातून सांभाळतात. कोणी पाहुण्यांना खोल्या देतं, एका घरात कलादालन चालतं. हौस आणि ऐपत असेल तोवर हे चालेल. वारस पाच आणि चार परदेशी, अशी वेळ आली की विकासकाचा आकडा जिंकतो.

एक गोष्ट मला नेहमी चक्रावते. लालबागच्या बाजारातल्या कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी १९३४ मध्ये सुरू केलेला गणपती आज देशभर माहीत आहे. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासून अखंड चालू आहे. वर्गणी जमवणं, हिशेब ठेवणं, माणसं उभी करणं यात या वस्त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण त्याच चाळीची गच्ची गळते तेव्हा वर्गणीची वही निघत नाही. आस्था कमी पडते म्हणावं तर तसं नाही. उत्सवाचा मंडप सगळ्यांचा असतो. गच्चीची मालकी मात्र कागदावर तिसऱ्याच कोणाची असते, आणि तिच्यावर केलेला खर्च उद्या पुनर्विकासात वाहून जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता पुन्हा शीव कोळीवाड्याकडे, कारण तिथे ही गाठ सगळ्यांत घट्ट बसली आहे. चाळीला निदान उपकर आहे, मंडळ आहे, ३३(७) आहे. कोळीवाड्याला काय आहे? कोळीवाडा हे गावठाणासारखं जुनं वसतिस्थान, पण शीवसारख्या ठिकाणी त्याच्या चारी बाजूंनी झोपडवस्ती वाढली आणि सरकारी नकाशात दोघांमधली रेघ पुसट होत गेली. एकदा का झोपडपट्टी म्हणून शिक्का बसला, की झोपडपट्टी पुनर्वसन योजना लागू होते. मग पिढीजात घराची किंमत आणि नंतर उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या खोलीची किंमत एकच. २०१२ मध्ये इथे पुनर्विकासासाठी घरं पाडली गेली, तेव्हा रहिवाशांनी संमतीच्या सह्यांवर आक्षेप घेतले, मेधा पाटकर आणि घर बचाओ घर बनाओ आंदोलन त्यांच्या बाजूने उभं राहिलं. कोळी समाजाची मागणी तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे: आधी सीमांकन करा, आमच्या नावाने मिळकत पत्रिका द्या, मग बाकीचं बोला.

वारसा आणि पैसा यांच्या चर्चेत ही मागणी गौण वाटते. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मिळकत पत्रिका नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही; कर्ज नाही म्हणून दुरुस्ती हप्त्याहप्त्याने, जमेल तेव्हा, मिळेल त्या सामानाने. आजोबांच्या कौलारू घरावर पत्रे चढले, मग मागच्या बाजूला सिमेंटचा मजला आला. बाहेरचा अधिकारी ते पाहतो आणि म्हणतो, यात वारसा कुठे आहे? त्याचं एका अर्थी खरंही आहे. सुटं घर पाहिलं तर जपण्यासारखं थोडंच उरलं आहे. पण कोळीवाड्याचा वारसा सुट्या घरात नसतोच. तो गल्ल्यांच्या मांडणीत, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, होळी पेटते त्या नाक्यात, जाळी विणायच्या आणि मासळी सुकवायच्या ओट्यांवर असतो. तिथे निधी द्यायचा तर तो घराच्या दर्शनी भागासाठी देऊन भागणार नाही. तो गटारासाठी, फरसबंदीसाठी आणि मोकळी जागा मोकळी ठेवण्यासाठी द्यावा लागेल. (‘कोळीवाडा’ पद्धतीची कोलंबी देशभरच्या हॉटेलांत मिळते. तिचा उगम याच शीव कोळीवाड्यात सांगतात, पण कोळणीच्या चुलीवर नव्हे, तर फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाबी मंडळींच्या खाणावळींत. त्या पदार्थावर ज्यांनी पैसा कमावला त्यांपैकी कोणी इथलं एक गटार बांधून दिल्याचं ऐकिवात नाही.)

किल्ल्याची गंमत तर आणखी निराळी. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण, असा २०१० चा नियम. किल्ल्याच्या पायथ्याच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास त्यात अडकला. म्हणजे वारसा जपण्याची किंमत शेजारचे रहिवासी मोजतात आणि त्या बदल्यात त्यांना दुरुस्तीचा एक रुपया मिळत नाही. असं असताना त्यांनी किल्ल्यावर प्रेम करावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. अशा पट्ट्यातल्या इमारतींना दुरुस्तीचं अनुदान मिळायला हवं, निव्वळ न्याय म्हणून.

बाहेर काय करतात? ॲम्स्टरडॅममध्ये १९५६ मध्ये शहर दुरुस्तीसाठी एक कंपनी निघाली. ती मोडकळीला आलेली घरं विकत घेते, नीट करते, भाड्याने देते आणि त्या भाड्यातून पुढचं घर हाती घेते. भागधारकांना नफा मर्यादितच. इटलीतल्या बोलोन्याने १९७० च्या दशकात सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा शहराबाहेर नव्या इमारती बांधण्याऐवजी जुन्या वस्तीतल्या घरांच्या दुरुस्तीकडे वळवला. राहणारी माणसं तिथेच राहिली पाहिजेत, हे त्यांचं धोरण होतं. मलेशियातल्या जॉर्ज टाउनमध्ये थिंक सिटी या संस्थेने घरमालकांना आणि भाडेकरूंनाही छोटी अनुदानं दिली. आपल्या शेजारी अहमदाबादेत पोळांमधल्या लाकडी घरांना हस्तांतरणीय विकास हक्क मिळतात. यांतलं मुंबईला काय लागू पडेल? बोलोन्या सगळ्यांत जास्त, असं माझं मत. आपल्याकडे म्हाडाच्या रूपाने सार्वजनिक गृहनिर्माणाची यंत्रणा आहे, दुरुस्ती मंडळाचा पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. फक्त त्या यंत्रणेला पाडण्यात रस, जपण्यात नाही.

पैशाचा मुद्दा राहतो, आणि तिथे मला काही गूढ दिसत नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागांवर मनोरे उभे राहिले. त्या प्रत्येकाकडून जादा चटईक्षेत्रासाठी अधिमूल्य वसूल होतं. त्याचा छोटा हिस्सा त्याच प्रभागातल्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायला नवा कायदा लागेल असं वाटत नाही, इच्छा लागेल. दुरुस्तीची खर्चमर्यादा सागवान आणि चुना यांचा हिशेब धरून वेगळी ठरवावी. रहिवाशांनी स्वतः वर्गणी काढली तर तेवढीच रक्कम सरकारने घालावी, आणि पुनर्विकास झालाच तर ती वर्गणी परत मिळेल अशी हमी द्यावी. मग वर्गणीची वही गच्चीसाठीही निघेल. विकास हक्क विकून आलेला पैसा मालकाच्या खात्यात न जाता इमारतीच्या नावे राखीव खात्यात जावा आणि तो काढायला रहिवाशांच्या संस्थेचीही सही लागावी. यातलं काहीच दामोदर हॉलसाठी वेळेवर आलं नाही. परळच्या कामगार वस्तीला नाटक दाखवणारं हे १९२२ चं नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, आणि नाटकवाले रस्त्यावर उतरले तेव्हा चर्चा नव्या नाट्यगृहात आसनं किती असावीत इथवर येऊन ठेपली होती. जुनं दुरुस्त करायला किती खर्च येईल, हा आकडा त्या चर्चेत ठळकपणे कधी पुढे आलाच नाही.

तो आकडा कोणी काढतच नाही, ही या सगळ्यातली मूळ अडचण. आज इमारतीची संरचनात्मक तपासणी होते ती धोकादायक आहे की नाही हे ठरवायला. सी-१ चा, म्हणजे अतिधोकादायक असा शेरा बसला की पाडणं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टेकू. त्याच तपासणीत अभियंत्याने आणखी एक रकाना भरावा: मूळ साहित्य वापरून ही इमारत पुढची तीस वर्षं राहण्याजोगी करायला किती खर्च येईल, संडास प्रत्येक खोलीत बसवण्यासकट. शीव कोळीवाड्यातल्या गल्लीला, खोताच्या वाडीतल्या घराला, लालबागच्या चाळीला तो आकडा लेखी मिळाला, तर रहिवाशांना सर्वसाधारण सभेत विकासकाच्या प्रस्तावाशेजारी तो मांडता येईल. मग पाडायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.